पाचव्या दिवसाची बाग

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून बाग म्हणायची ती एवढीच :
एक शेवगा, दोन मोगरे, कढीपत्त्याचं काटकुळं झाड
आणि कुंपणाच्या तारेवर
कुणालाही न विचारता चढलेली गोकर्ण.

मे महिना. पारा त्रेचाळीसच्या पुढे.
संध्याकाळी सहालाही फरशी पाय टेकू देत नाही.
मग मी एक बादली, मोजून एक, फरशीवर मारतो,
वाफेत खुर्च्या मांडतो
आणि माझा कारखाना बाहेर आणतो :
फिरकीचा स्टीलचा डबा, ज्यातून एकवीस वर्षं बँकेत आमटी नेली,
आता त्यातच जिन आणि कैरी हलवायची.
माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण.
गाळणं चहाचं. त्याला आल्याचा वास आहे, असू दे.
बर्फ अक्कलकोट रोडवरून, पोत्यात गुंडाळून, स्कूटरच्या पायाशी;
चौथा हिस्सा रस्त्यानंच पिऊन टाकला.

ग्लासच्या काठाला लोक मीठ लावतात.
मी लिंबू फिरवून शेंगाचटणी लावतो.
चन्नवीर हत्तुरे म्हणाला, "हे काय करलालास बे?"
आणि तिसऱ्या ग्लासाला नुसता काठच चाटत बसला,
कडक भाकरीचा तुकडा हातात तसाच.

यास्मिन बागवान घेत नाहीत.
पण त्यांच्या घरात तीन पिढ्या फळांचे लिलाव झालेत,
म्हणून प्रत्येक ग्लास आधी त्यांच्या नाकाखालून जातो.
"कैरी जास्त भाजलीस. गूळ जुना आहे.
वाळा बरोबर."
मग त्यांचा वाळा-लिंबू मी त्याच डब्यात,
आधी विसळून, तितक्याच वेळा हलवतो. नऊ.
कमी हलवलं तर त्यांना कळतं.

अंबादास दुडम उशिरा आला.
छत्तीस वर्षं सूत रंगवलं त्यानं,
नखांच्या कडांना अजून कुठला तरी हिरवा आहे.
त्याच्यासाठी मी राखून ठेवलं होतं :
गोकर्णीची बावीस फुलं, सकाळपासून जिनमध्ये.
ग्लासात ओतलं. निळं. शाईसारखं.
वरून लिंबू पिळलं
आणि निळं तळापासून जांभळं होत वर आलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंबादासनं नाही.
ग्लास ट्यूबलाइटकडे धरून तो म्हणाला,
"परत कर."
परत केलं.
"एकदा आख्खा हौद असा फिरला होता.
कुणाच्या हातून आम्ल पडलं कळलं नाही.
ऐंशी किलो सूत. निळं पाहिजे होतं मालकाला.
माझी पंधरवड्याची हजेरी कापली."
चन्नवीर काहीतरी गमतीचं बोलणार होता, बोलला नाही.
"पण रंग असा होता बघ," अंबादास म्हणाला,
"हाच. मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं,
की मला तो आवडला होता."

मग खिशातून पांढरा रुमाल काढला,
टोक ग्लासात बुडवलं, पिळलं,
तारेवर वाळत घातलं.
"पक्का नाही हा. तरी सकाळी बघ."
उरलेलं एका घोटात प्यायला
आणि तोंड वाकडं करून म्हणाला, साखर कमी आहे.

दहाला लाईट गेली.
अंधारात बर्फ संपवायची घाई, हसणं, एक ग्लास फुटला,
कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

सकाळी पोत्याखालचं बर्फाचं पाणी,
तांब्याभर असेल, गार, ज्यूटचा वास आलेलं,
मोगऱ्याला घातलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
पाणी यायला अजून दोन दिवस.
ग्लास तोपर्यंत तसेच, मुंग्या चटणी नेतायत.

रुमाल कडक वाळलाय.
टोकाला राखेसारखा डाग, बारीक जांभळी कड.
अंबादासचा फोन येऊन गेला दोनदा.
मी उचललेला नाही.
डाग उन्हात धरून बघतोय,
सावलीत धरून बघतोय.